रविवार नको, बुधवार सांगा

रणपिसे सिस्टरांबद्दल लिहायचं मी चार वर्षं टाळलं. आधी डोळ्यांचं ऑपरेशन झालं म्हणून, मग डोळे बरे झाले पण लिहिण्याची सवय मोडली म्हणून, मग चर्चच्या वेबसाइटचं रूप बदलायचं चाललंय, ते एकदा होऊ द्या म्हणून. सरकारी छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या माणसाला उशिराची कारणं तोंडपाठ असतात. खरं कारण एकच होतं. सिस्टरांबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दलही थोडं खरं लिहावं लागतं, आणि ते मला सोयीचं नव्हतं.

आता मी एक्क्याऐंशीचा आहे. सिस्टर गेल्या वर्षी नाशिकला लेकीच्या घरी वारल्या. मला ते चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं, तेही कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकखाली. आता टाळण्यासारखं कारण उरलेलं नाही.

आठेक वर्षांपूर्वी आमच्या चर्चने वेबसाइट काढायची ठरवली. हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करणारा नीलेश नावाचा आमचा एक तरुण ते बघत होता. उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये पाळकसाहेब म्हणाले की मंडळीतल्या माणसांच्या गोष्टी लिहायला स्वयंसेवक हवेत. त्याबरोबर सगळं चर्च आपापली गीतपुस्तकं आणि चपला शोधायला लागलं. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून सिस्टर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी सांगते, गायकवाड लिहितील." गायकवाड म्हणजे मी. मला कोणी विचारलं नव्हतं.

बाहेर मी जाब विचारला, तर म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर लावलं. आता माझं कोणीतरी लावायला नको का?"

सिस्टर म्हणजे सुमती रणपिसे. जन्मभर परिचारिका. मंडळीतली चाळिशीच्या आतली निम्मी माणसं त्यांच्या हातांत पहिल्यांदा रडलेली, त्यामुळे त्यांच्यापुढे कोणाचा मोठेपणा फार वेळ टिकत नसे. अंगापिंडाने किरकोळ, चष्मा दोरीला अडकवलेला, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. बोलताना समोरच्याचा हात हातात घ्यायची त्यांना सवय होती. नवख्याला वाटायचं, केवढा जिव्हाळा. त्या नाडी मोजत असायच्या. कोणी फार गोड बोलायला लागलं की मध्येच म्हणायच्या, "नव्वदच्या वर गेली. आता खरं सांगा."

राहायला सदाशिव पेठेत, एका क्लासच्या वरच्या मजल्यावर. खाली स्पर्धा परीक्षेची मुलं मोठ्याने इतिहास पाठ करायची आणि वरून सिस्टर त्यांच्या चुका सुधारायच्या. वय वर्षं शहात्तर, आणि वाहन स्कूटर. मागे मी, मांडीवर वह्यांची पिशवी. सिग्नलला पोरं बघून हसायची. सिस्टर मान वळवून मला सांगायच्या, "ताठ बसा. त्यांना वाटेल मी तुम्हाला दवाखान्यात नेतेय."

गोष्टी गोळा करण्याचे त्यांचे दोन नियम होते. पहिला, कोणाच्याही घरी गेलं की श्रद्धेबद्दल काही विचारायचं नाही. आमच्या माणसांना साक्ष द्यायची सवय असते. प्रभूने मला कसं वाचवलं हे अर्धा तास न थांबता सांगतील, आणि दोघांची साक्ष शेजारी ठेवली तर नावं बदलून खपेल. सिस्टर चहाचा कप खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हे मी रविवारी ऐकलंय. रविवार नको, बुधवार सांगा."

दुसरा नियम असा की लिहून झाल्यावर ते त्या माणसाला, त्याच्याच घरी, मोठ्याने वाचून दाखवायचं. त्याचं डोकं होकारार्थी हललं तरच नीलेशकडे पाठवायचं. "तोंडाने माणूस भिडेखातर हो म्हणतो," त्या म्हणायच्या. "डोकं आपोआप हलतं."

उजगरे मास्तरांचं उदाहरण सांगतो. हे आमच्या गायनवर्गाचे पेटीवादक, तारखात्यातून निवृत्त, मधुमेही, आणि चेहरा कायम शोकसभेचा. त्यांनी आम्हाला पाऊण तास साक्ष दिली. मी तीन पानं भरली. सिस्टरांनी त्यांच्या पत्नीकडे वळून विचारलं, "वहिनी, बुधवारी काय करतात हे?" वहिनी आधी पदर चावत बसल्या आणि मग उठून त्यांनी मास्तरांची पेटी उघडून दाखवली. आत, स्वरांच्या पट्ट्यांमागे, बाकरवडीची पुडी. डॉक्टरांनी बंद केल्यापासून तिथेच ठेवत होते. भाता हलवला की पहिल्या दोन ओळींना वास येतो हे मंडळीत सगळ्यांना माहीत होतं; आम्ही तो जुन्या लाकडाचा समजत होतो.

मी ते लिहिलं. वाचून दाखवायला गेलो तेव्हा मास्तर मान घट्ट धरून बसले होते. निम्म्यापर्यंत धरली. मग बाकरवडीच्या परिच्छेदाला त्यांचे खांदे हलायला लागले आणि खांद्यांमागोमाग डोकं. सिस्टर म्हणाल्या, "हललं. पाठवा." निघताना त्यांनी मास्तरांची साखर तपासली आणि पुडी पिशवीत घालून घेऊन आल्या. अर्धी मला दिली.

त्या गोष्टीने वेबसाइट चालायला लागली. लोक रविवारी मला थांबवून सांगायचे, गायकवाड, काय लिहिता हो. लेखाखाली कोणाचंच नाव नसायचं, देवाच्या गौरवासाठी म्हणून कमिटीने तसं ठरवलं होतं. पण लिहितो तो लेखक असं जग धरून चालतं, आणि मी जगाला दुरुस्त केलं नाही. सिस्टर मला लेखकसाहेब म्हणायला लागल्या. ती थट्टा आहे हे मला कळायचं. तरी ऐकायला बरं वाटायचं.

मग त्यांनी रफीकभाईंचं नाव काढलं. चर्चच्या भिंतीला लागून त्यांचं गाद्या-उशांचं दुकान आहे, बाकांवरच्या गाद्या तीन पिढ्या तेच शिवतात. कमिटीचे चिटणीस विजय पाटोळे म्हणाले की सिस्टर, माणूस चांगला आहे, पण मंडळीच्या रजिस्टरात नाही. सिस्टर म्हणाल्या, "आपली घंटा त्यांच्या झोपेत वाजते, विजय. रजिस्टरातले तर निम्मे ती ऐकून कूस बदलतात."

रफीकभाईंची गोष्ट झाली. पण ती सांगताना ते सहज बोलून गेले की आता मोटारीवर वाजणारी घंटा वेळेवर वाजते खरी, पण पूर्वीची मजा नाही. पूर्वी हात हलका होता. "बाईचा हात होता तो," ते म्हणाले. सिस्टर त्यांच्या मनगटावर बोट ठेवून होत्या. नाडी जागची हलली नाही.

आता घंटेचं सांगायला हवं. आमच्या घंटाघराच्या दारावर संगमरवरी पाटी आहे, मार्कसदादा पाटोळे यांच्या नावाची. सदतीस वर्षं रोज सकाळी सहाला, एकही दिवस न चुकता, घंटा वाजवणारा विश्वासू सेवक. चिटणीस विजय हा त्यांचा मुलगा. दादा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या पत्नी रत्नाबाई चर्चच्या आवारातल्या खोलीतच राहायच्या, आणि त्या सिस्टरांच्या जिवाभावाच्या मैत्रीण होत्या. दर बुधवारी दुपारी दोघी रत्नाबाईंच्या खोलीत पत्ते खेळायच्या. पाळकसाहेबांची चाहूल लागली की पत्त्यांवर गीतपुस्तक उघडं टाकायचं आणि जे पान निघेल ते गीत म्हणायला घ्यायचं. एकदा भर मे महिन्यात त्यांनी नाताळचं गीत तीन कडव्यांपर्यंत म्हटलं होतं. पाळकसाहेबही शेवटपर्यंत उभे राहिले.

त्या बुधवारी सिस्टर मला बरोबर घेऊन गेल्या. रफीकभाईंचं बोलणं त्यांनी पत्ते पिसता पिसता सांगितलं. रत्नाबाई मूळच्या लोणी काळभोरच्या, पन्नास वर्षं पुण्यात काढूनही बोलणं गावचंच. त्या आधी हसल्या, मग दाराची कडी लावून आल्या.

दादा कारखान्यात दुसऱ्या पाळीला होते. घरी यायला मध्यरात्र उलटायची. आवारातली खोली घंटेच्या कामाबरोबर मिळालेली. पहिल्याच आठवड्यात एके दिवशी ते उठेनात. रत्नाबाईंनी हलवलं, पाणी शिंपडलं, काही उपयोग नाही. सहा वाजायला दोन मिनिटं. त्यांनी दादांचा कोट अंगावर घातला, कानटोपी ओढली आणि स्वतः जाऊन दोर ओढला. धुक्यात लांबून कोणाला काय कळणार. दुसऱ्या दिवशी तसंच. मग रोजच.

"घंटा झाली की चा करायचा आन् त्यांना उठवायचं," रत्नाबाई म्हणाल्या. "म्हनायचं, उठा, घंटा वाजवून आलात."

दादांना माहीत होतं का, मी विचारलं.

"ठाऊक व्हतं की. पर ते कधी बोलले न्हाईत, मी बी न्हाई. पाळकांनी वरून नाव घेतलं की बायकांच्या बाकाकडं बघायचे आन् कान खाजवायचे." मग त्यांनी हातातले पत्ते मिटले. "लिवू नका हं. त्यांची पाटी हाय."

बाहेर स्कूटरपाशी सिस्टरांनी माझा हात धरला. "हे या खोलीतलं. लिहायचं नाही." मी म्हणालो, नाही लिहिणार. नाडी बहुधा नेहमीसारखीच असावी, कारण तेव्हा मी खरंच बोलत होतो.

घरी जाऊन मी ते लिहिलं. फक्त स्वतःसाठी, असं मनाशी म्हणालो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाच्या हातून पहिल्यांदाच असं काही उतरलं होतं की ज्यात एक शब्द हलवावासा वाटत नव्हता. शीर्षकही दिलं: पाटीवर एक, दोरावर दुसरी. पुढच्या आठवड्यात चर्चचा वर्धापनदिन होता. नीलेशचा फोन आला की काका, शनिवारपर्यंत काहीतरी जोरदार पाहिजे. माझ्याकडे दुसरी गोष्ट तयार होती, एका निवृत्त मुख्याध्यापकांची, अळणी. मी ती पाठवली नाही. रत्नाबाईंना वाचून दाखवायला गेलो नाही, कारण डोकं हलणार नाही हे मला ठाऊक होतं. सिस्टरांना विचारलं नाही, तेही त्याच कारणाने. हे बाईंच्या कौतुकाचंच आहे, असं स्वतःला दोनदा सांगितलं आणि पाठवून दिलं.

रविवारी उपासनेआधीच सगळ्यांच्या फोनवर ते फिरलं होतं. लोक हसत होते, आणि वाईट अर्थाने नाही. रत्नाबाई दारातून आत आल्या तेव्हा मागच्या बाकांवरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना कशाच्या टाळ्या ते कळेना. शेजारच्या बाईने कानात सांगितलं. रत्नाबाईंनी आधी पाटीच्या दिशेला पाहिलं, मग तिसऱ्या बाकावर सिस्टरांकडे, आणि पहिलं गीत सुरू व्हायच्या आत उठून खोलीत गेल्या.

संध्याकाळी कमिटी बसली. विजयचा आवाज चढलेला नव्हता, उलट खाली गेला होता. त्याने एवढंच विचारलं की हे कोणी द्यायला सांगितलं. माझ्यासमोर पाण्याचा पेला होता. मी म्हणालो, "माहिती सिस्टरांची असते. मी फक्त लिहितो."

या दोन वाक्यांत एकही शब्द खोटा नाही. मी नंतर कितीदा तरी तपासून पाहिलं आहे.

सिस्टर टेबलाच्या पलीकडे होत्या. थर्मामीटर उजेडाकडे तिरका धरून पारा शोधावा तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढाच वेळ. मग विजयला म्हणाल्या, "हो. माझ्याच तोंडून गेलं."

लेख काढून टाकला. गोष्टींचं काम सिस्टरांकडून काढून घेतलं. त्याचं त्यांना काही वाटलं असेल असं मला वाटत नाही. पण रत्नाबाईंनी दार बंद केलं. पुढच्या बुधवारी सिस्टर गेल्या, कडी वाजवली, आतून रेडिओ मोठा झाला. त्याच्या पुढच्या बुधवारीही. चौथ्या बुधवारी त्यांनी पत्त्यांचा जोड उंबऱ्यावर ठेवला. तो दोन दिवस तिथेच होता, मग सफाईवाल्याने उचलून कचेरीत दिला. बाकीच्या घरांतूनही हळूहळू फरक पडला. जिथे त्या थेट स्वयंपाकघरात शिरायच्या तिथे त्यांना बाहेरच्या खोलीत खुर्ची द्यायला लागले, आणि त्या आल्या की बोलणं हवामानावर जायचं. सिस्टर आल्यात, जपून बोला. ज्या बाईपाशी अख्ख्या मंडळीची दुखणी सुरक्षित होती, तिच्याबद्दल.

एका वाक्यात हे सगळं थांबलं असतं. सिस्टरांनी मला लिहू नका म्हणून सांगितलं होतं, हे ते वाक्य. रत्नाबाई माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहायच्या.

सिस्टरांची माफी मागायला मी तीनदा गेलो. पहिल्यांदा द्राक्षं घेऊन. त्यांनी रक्तदाब मोजला, पट्टा सोडवत म्हणाल्या, "मीठ कमी करा," आणि द्राक्षं खालच्या मुलांना वाटली. दुसऱ्यांदा त्यांच्या मांडीवर शेजारणीचं तान्हं होतं, आणि बाळासमोर मला ते नीट बोलता येईना. तिसऱ्यांदा जिन्याच्या अर्ध्यावरून परत आलो. रविवारी भेटल्या की विचारायच्या, "लेखकसाहेब, नवीन काय?" मी म्हणायचो, चाललंय. त्यानंतर मी वेबसाइटसाठी फक्त निधनाच्या आणि सहलीच्या सूचना तपासल्या.

हे सगळं इथे छापायचं तर रत्नाबाईंचं गुपित पुन्हा उघडं होणार. म्हणून या वेळी मी नियम पाळला. मागच्या बुधवारी विजयच्या घरी, आता तो कात्रजला राहतो, हे मी त्याला पहिल्यापासून वाचून दाखवलं. माझं कमिटीतलं वाक्य आलं तेव्हा त्याने चष्मा काढून पुसला. संपल्यावर तो पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "कोट दादांचा होता. कानटोपी माझी होती, शाळेतली. मी पांघरुणातून बघायचो, काका. मला वाटायचं आईला थंडी जास्त वाजते." आणि त्याचं डोकं हललं. मग त्याने आतून चहा आणला. साखर घातलेली नव्हती. विसरला होता की मुद्दाम, ते मी विचारलं नाही.

त्या प्रकरणानंतर दीड वर्षाने रत्नाबाई गेल्या. तोवर दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. आमच्याकडे दफनविधीच्या आधी गेलेल्या माणसाच्या वयाइतके टोल द्यायची पद्धत आहे. रत्नाबाईंचे त्र्याऐंशी. पण मोटारीला बाराच्या पुढे मोजता येत नाही. आवारात माणसं उभी, शवपेटी दारात, आणि नीलेश वायरी हातात घेऊन कोणाला तरी फोन लावत होता. सिस्टर गर्दीतून निघाल्या आणि विजयपुढे जाऊन हात पसरला. विजयने त्या हाताकडे पाहिलं, मग खिशातून घंटाघराची किल्ली काढून त्यावर ठेवली.

मी मागोमाग गेलो. लाकडी जिना, वर छोटा मजला, खुंटीला गुंडाळलेला दोर. सिस्टरांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि ओढायला सुरुवात केली. मोठ्याने मोजत होत्या, रोग्याला श्वास घ्यायला लावावं तशा. खाली रफीकभाई दुकानाच्या पायरीवर उभे राहिलेले झरोक्यातून दिसत होते.

चाळीसच्या पुढे त्यांचे हात भरून आले. "धरा," त्या म्हणाल्या. मी खालून दोर धरला. आता दोघे ओढत होतो. इतक्या जवळून आणि इतक्या आवाजात मी पहिल्यांदाच धीर केला. म्हणालो, "सिस्टर, त्या दिवशी कमिटीत मी..." आणि टोल पडला.

"काय म्हणालात?"

"किती झाले?"

"एकोणसाठ. मध्ये बोलू नका, चुकेल."

चुकलं नाही. त्र्याऐंशीव्या टोलानंतर त्यांनी घंटेचा कंप थांबेपर्यंत दोर घट्ट धरून ठेवला, मग खुंटीला तसाच गुंडाळला. खाली शववाहिकेचं दार लागल्याचा आवाज आला. आम्हाला उतरायला हवं होतं. सिस्टरांनी चपला घातल्या, जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबल्या आणि माझं मनगट धरलं. घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. घाईत त्या पंधरा सेकंद मोजून चारने गुणायच्या. त्या दिवशी पूर्ण मिनिटभर मोजली.

"एकशे बारा," त्या म्हणाल्या. "काही सांगायचंय का?"

हात सोडला नव्हता.

"जिना चढलो ना," मी म्हणालो. "त्याने."